चिलारीच्या डोंगरातली टकटक

डोंगराच्या पोटात अडकलेला थोरला भाऊ जिवंत आहे का, आणि असेल तर नेमका कुठे, एवढं ऐकायला जोतिराम चिलारीच्या डोंगराकडे निघाला होता. सोबत दोनच माणसं. एक रेवणसिद्ध, सांगोला तालुक्यात विहिरी खणण्यात हयात घालवलेला, अंगानं काटक आणि जिभेनं तिखट. दुसरी धम्मप्रिया, सोलापूरच्या एका कॉलेजात भूकंपाचं शास्त्र शिकवणारी. तिच्या पाठीवर बॅटरीचं ओझं होतं, रेवणसिद्धाकडे पहार, घमेलं आणि दोराचं वेटोळं, जोतिरामाकडे पाण्याचे कॅन आणि भावाची काठी. खजिना काढायला माणसं डोंगरात जातात हे आपण ऐकलेलं असतं. डोंगराला कान लावायला निघालेली ही बहुधा पहिलीच फौज.

झालं होतं असं. परवा भर दुपारी जमीन हलली. सांगोल्यात मांडणीवरची भांडी पडली, माणसं रस्त्यावर आली, बराच वेळ एकमेकांना तेच तेच सांगून पुन्हा घरात गेली. पण चिलारीच्या डोंगरात वरच्या अंगाला एक लांबलचक कपार होती. दोन काळ्या कातळांच्या मधोमध तांबड्या मऊ मातीचा थर. ती माती खारट लागते म्हणून मेंढरं चाटायला आत शिरत. चंद्री नावाची एक मेंढी आत गेली ती बाहेर येईना, म्हणून थोरला भाऊ भिमा तिच्यामागे वाकून आत गेला, आणि तेव्हाच छत खाली आलं. जोतिराम खाली तळ्यावर कळपाला पाणी पाजत होता. त्यानं फक्त वर उठलेला धुरळा पाहिला. भावाची काठी त्याला नंतर कपारीच्या तोंडाशी उभी केलेली सापडली.

तालुक्याहून माणसं येऊन पाहून गेली. जेसीबी वर चढणं शक्य नव्हतं. पुण्याहून खास पथक निघालंय, तोवर कुणी आत जाऊ नका, असं सांगून गेली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण या उन्हाळ्यात पाण्यावाचून पडलेल्या भावाला आणखी थांब म्हणून कसं सांगायचं?

धम्मप्रिया तिकडे आली होती वेगळ्याच कामाला. त्या भागात तिनं भूकंप नोंदवणारी यंत्रं पुरून ठेवली होती आणि धक्क्यानंतर ती तपासत हिंडत होती. तळ्यापाशी ती बोलता बोलता म्हणाली, की ही यंत्रं इतकी हळवी असतात, मेंढरं शेजारून गेली तरी त्यांचे खूर पडद्यावर उमटतात. जोतिराम बसल्या जागचा उठला.

“मग मॅडम, आतनं माणसानं दगडावर ठोकलं तर?”

“ऐकू येईल. पण जोतिरामभाऊ, तो ठोकत असेल तर.”

“ठोकंल की. दादा गप बसणारा माणूस न्हाय.”

भिमाची बायको बाळाबाई कळपापाशी थांबली. जोतिराम रांगत होता तेव्हा ती लग्न होऊन या घरात आली होती. त्याला वाढवलं तिनंच. निघताना ती एवढंच म्हणाली, “जोती, काय कळंल ते आधी मला सांग. लोकांकडनं नको.”

नेहमीची पाऊलवाट कालच्या लहान धक्क्यानं तुटून खाली गेली होती. म्हणून त्यांनी मागच्या घळीतून चढायचं ठरवलं. घळ कसली, चिलारीच्या काट्यांनी गच्च भरलेली खाच ती. रेवणसिद्ध पुढे कोयता चालवी, मागून दोघं वाकून सरकत. धम्मप्रियाचा सदरा खांद्यावर फाटला, कपाळावर ओरखडा उठला. तिनं फक्त केबल काट्यांत अडकणार नाही एवढंच पाहिलं. घळीच्या वर दरड कोसळून पडलेली. पाय टाकला की दगड निसटे, आणि निसटलेला दगड खाली जाऊन कुठं थांबतो ते ऐकत सगळे श्वास रोखून उभे राहत.

दरडीच्या वर कातळाची थोडी सावली मिळाली. तिथं पाणी पिता पिता जोतिरामनं मनात घोळणारा प्रश्न विचारला. “मॅडम, पुन्यांदा हलंल का?”

“हलेल. मोठ्या धक्क्यामागून लहान धक्के येत राहतात. कधी, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही.”

“मग शिकून उपेग काय?” रेवणसिद्ध म्हणाला.

ती हसली, रागावली नाही. “थोडासा आहे, अण्णा. जमिनीखाली खडक तुटतो, तिथून दोन लाटा निघतात. वाघरीच्या जाळीतून मेंढरं बाहेर काढताना मागची मेंढी पुढचीला ढकलते, ती तिच्या पुढचीला. मेंढी आपल्या जागी राहते, ढकल तेवढी पुढे जाते. पहिली लाट अशी असते. ती पळते जोरात, पण हादरा कमी देते.” मग तिनं रेवणसिद्धाच्या दोराचं एक टोक त्याच्याच हाती दिलं आणि दुसरं आडवं झटकलं. दोरातून नागमोड सळसळत त्याच्यापर्यंत गेली. “दुसरी लाट ही अशी. हळू येते आणि जमीन आडवी हलवते. भिंती पाडते ती बहुतेक हीच.”

“म्हंजे पयली लाट नुसता सांगावा आणती,” जोतिराम म्हणाला.

“तसंच समजा. धक्का जितका लांबचा, तितकं दोघींत अंतर जास्त. परवापासूनचे धक्के इथून तीसेक किलोमीटरवरून येताहेत. पहिली लाट दिसल्यावर तीन-चार आकडे मोजून होतात, तोवर दुसरी दारात.”

“तीन-चार आकड्यांत माणूस काय करणार वो?” रेवणसिद्ध पुटपुटला, आणि दोर गुंडाळू लागला.

पुढे कड्याच्या अंगावरून एक धार होती, जेमतेम पाऊल मावेल एवढी. खाली खोल दरी. डोक्यावर कातळाला आग्या मोहोळ लटकलेलं, आणि धक्क्यानं माशा आधीच बिथरलेल्या. रेवणसिद्धानं पलीकडे जाऊन दोर एका खडकाला बांधला. कुणी बोलायचं नाही, दगड हलवायचा नाही, असं ठरलं. जोतिराम निघाला. पोट कातळाला, टाचा हवेत. एक माशी गालावर बसली. तिच्यामागून दुसरी. तो हलला नाही. मागून धम्मप्रिया येत होती. अर्ध्यात तिचा पाय घसरला! दोराला हिसका बसला, बॅटरीनं तिला मागे ओढलं, वर मोहोळ घोंघावलं. जोतिरामनं हात मागे टाकून तिचं मनगट पकडलं आणि तसाच डोळे मिटून उभा राहिला. घोंघावणं हळूहळू बसलं. पलीकडे पोचल्यावर तिनं आधी केबल तपासली. पाण्याचा एक कॅन मात्र दरीत गेला होता.

कपारीच्या तोंडाशी आले तेव्हा उन्हं माथ्यावर होती. तोंड कसलं, दगडांचा ढिगारा. जोतिराम त्याच्याकडे पाहतच राहिला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं पुसलं नाही.

धम्मप्रिया कामाला लागली. टोकदार खिळ्यांवर बसवलेले तीन छोटे डबे तिनं कपारीच्या वर, लांब लांब अंतरावर जमिनीत रोवले. त्यांना ती जिओफोन म्हणत होती. जोतिराम त्यांना कान म्हणू लागला. तीनही कानांच्या तारा तिच्या मांडीवरच्या पडद्याला जोडलेल्या. ज्या कानाजवळ ठोका पडेल, त्याला तो आधी ऐकू येणार, लांबच्याला मागून. तिघांच्या वेळा ताडून जागा काढायची. भूकंपाचा उगम असाच शोधतात, ती म्हणाली, फक्त कान गावोगाव असतात. तिनं हेडफोन लावला आणि ठोकायची खूण केली.

जोतिरामनं भिमाची काठी उचलली. रात्री मेंढरांभोवती वाघर लावली की दोघं भाऊ तिच्या दोन बाजूंना निजत. आवाज दिला तर कळप बुजतो, म्हणून काठी जमिनीवर तीनदा ठोकायची. जागा आहेस का? पलीकडून दोन ठोके यायचे. हाय. त्यानं तसंच तीनदा ठोकलं.

काही नाही. पुन्हा ठोकलं. रेवणसिद्धानं तंबाखू मळता मळता हात थांबवला.

“आलं,” धम्मप्रिया म्हणाली. “आतून आलं. पुन्हा ठोका.”

ठोकलं. पडद्यावरच्या तीनही रेघा एकामागून एक उसळल्या. जोतिरामला ते पाहून काही कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं! तो धावत थोडा वर, फोनला रेंज मिळेल अशा टेकाडावर गेला. “वैनी! दादा हाय. ठोका देतोय आतनं.” पलीकडून नुसता हुंदका ऐकू आला, आणि मागे मेंढरांचा आवाज.

धम्मप्रियानं जागा काढली. ढिगाऱ्याच्या डाव्या अंगाला, फार खोल नाही. रेवणसिद्धानं दगड वाजवून पाहिले, कुठला आधाराचा आणि कुठला नुसताच पडलेला ते पारखलं, आणि डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली. तो पहारीनं दगड सुटा करी, जोतिराम ओढून बाहेर टाके. नखं फुटली. घाम डोळ्यांत जाई. मधूनमधून काठी ठोकायची आणि आतून उत्तर यायचं. उन्हं कलली तोवर एक माणूस पालथा सरकेल एवढं बीळ तयार झालं. रेवणसिद्धानं कमरेला दोर बांधला, कपाळाला टॉर्च बांधला.

“दोर सोडू नगंस, जोतिराम. माजी बायको लई कजाग हाय, तुला सोडणार न्हाय,” असं म्हणून तो आत गेला.

जोतिरामनं दोर हाताला गुंडाळून घेतला. तेवढ्यात धम्मप्रिया हळूच म्हणाली, “दोन ठोक्यांचं उत्तर येईल म्हणाला होतात ना? हे एकेकच येतंय.”

“दमला असंल.”

“द्या बरं, तुम्हीच ऐका एकदा.”

त्यानं हेडफोन कानाला लावला आणि मोकळ्या हातानं काठी ठोकली. आतून आवाज आला. एक धप्प. आणि मागोमाग बारीक खरड.

लाकडाचा ठोका असा नसतो. आणि लाकूड आलं कुठून, भावाची काठी तर त्याच्याच हातात होती. चंद्रीची आई व्याली तेव्हाच मेली होती. भिमानं चंद्रीला बाटलीनं दूध पाजून जगवलं, लाडावून ठेवलं. मूठभर मका देण्याआधी तो तिच्यापुढे काठी ठोकायचा, आणि ती पुढचा पाय आपटायची, मग खुरानं माती खरडायची. मेंढपाळांचा सगळा वाडा हसायचा. आता जोतिराम वरून ठोकत होता आणि ती बिचारी अंधारात मका मागत होती.

“काय वाटतं?” धम्मप्रियानं विचारलं.

“दादाच हाय,” तो म्हणाला.

खोटं बोलताना त्याला लाज वाटली नाही, भीती वाटली. मेंढी जगली तर तिच्याजवळचा माणूसही जगला असेल. बेशुद्ध असेल. खरं सांगितलं तर ही दोघं हात आखडतील, पथकाची वाट पाहू म्हणतील. दोर त्याच्या हातातून आत सरकत होता. इंच इंच.

मग दोर थांबला. बिळातून रेवणसिद्धाचा आवाज आला, दबलेला. “जोतिराम, हात लागला रं एक. शिळेखाली हाय माणूस.” दोर वीतभर आणखी आत सरकला. “गार हाय. कडक झालाय.”

जोतिरामनं दोर आणखी घट्ट धरला.

“पर टकटक तर पुढनं येतीय,” रेवणसिद्ध म्हणाला. “आत दोघं व्हते का? शिळेखालनं जागा हाय थोडी. मी सरकतो पुढं. जित्या माणसाला आधी बघू.”

आत एकच माणूस गेला होता. “रेवणअण्णा,” त्यानं हाक मारली, “मनगटात कडं हाय का? चांदीचं?”

“हाय. पीळ घातल्यालं.”

ते कडं आईनं घडवलं होतं. जोतिरामनं एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा दोराकडे. त्या दोराच्या टोकाला दुसऱ्या कुणाचा तरी नवरा, कुणाचा तरी बाप होता, आणि तो एका मेंढीच्या खुरासाठी शिळेखाली शिरायला निघाला होता, कारण जोतिरामनं तोंड बंद ठेवलं होतं.

“मागं फिरा, अण्णा,” तो म्हणाला. “पुढं दादा न्हाय. ती चंद्री हाय, मेंढी. मला मगाच कळलं हुतं. तुमच्या हाताला लागला, त्यो माजा दादा हाय.”

रेवणसिद्धानं आतून एक सणसणीत शिवी हासडली आणि दोर ढिला पडू लागला. तो मागे सरकत होता. धम्मप्रियानं जोतिरामकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे नजर वळवली.

तीनही रेघा एकदम थरथरल्या. ठोक्यासारख्या एकामागून एक नव्हे, सगळ्या बरोबर!

“लाट!” ती किंचाळली. “ओढा! बाहेर ओढा त्यांना!”

जोतिरामनं दोन्ही पाय दगडाला रोवले आणि दोर खेचला. एक. धम्मप्रियानंही दोर धरला. दोन. बिळातून रेवणसिद्धाचे पाय दिसले. तीन. कंबर. दोघंही पाठीवर पडली, रेवणसिद्ध त्यांच्या अंगावर! आणि जमीन आडवी हलली. डोंगर खोल आतून कण्हला, बीळ मिटलं, आणि तोंडातून तांबड्या धुळीचा लोट बाहेर आला.

हलणं थांबलं. दगड घरंगळत राहिले, मग तेही थांबले. रेवणसिद्धाची ढोपरं सोलली होती, पायातलं एक पायताण आतच राहिलं होतं. तो खोकत होता, थुंकत होता, जिवंत होता.

धम्मप्रियानं हेडफोन झटकून कानाला लावला. बराच वेळ ती तशीच बसली. मग तो काढून मांडीवर ठेवला.

“चंद्री?” जोतिरामनं विचारलं.

“काही येत नाही.”

जोतिराम ढिगाऱ्याजवळ गेला, आणि तिथं बसून तो लहान पोरासारखा रडला. त्याला कुणी उठवलं नाही. रडणं ओसरल्यावर रेवणसिद्ध लंगडत आला आणि त्याच्या शेजारी टेकला.

“उकरायचं का परत?” त्यानं विचारलं. आणि तो मनापासून विचारत होता.

“न्हाय,” जोतिराम म्हणाला. “आता दादाला न्यायला घाई न्हाय.”

धम्मप्रियानं जागेची खूण लिहून घेतली. पथक येईल तेव्हा मी स्वतः बरोबर येईन, भिमाभाऊंना बाहेर काढल्याशिवाय जाणार नाही, असं ती म्हणाली. एक कान तिनं तिथंच रोवून ठेवला, येणाऱ्या पथकाला धक्क्यांचा अंदाज मिळावा म्हणून. मग तिघंही आल्या वाटेनं उतरली. बाळाबाईला फोन करायला जोतिरामचा हात धजला नाही. हे फोनवर सांगायचं नव्हतं.

तळ्यापाशी बाळाबाई उभी होती. बिऱ्हाडाचं सामान वाहणारं घोडं तिनं रिकामं करून आणलं होतं, त्याच्या पाठीवर घोंगडी चौघडी घालून बसायला मऊ जागा केली होती. तीन दगडांच्या चुलीवर दूध तापत होतं. तिची नजर तिघांवरून मागे गेली, घळीच्या तोंडाकडे.

“लई लागलंय का त्यास्नी?” तिनं विचारलं. “घोड्यावर बसवंल न्हवं?”

“वैनी, दादा न्हाय.”

“ठोका देत व्हते की.”

“चंद्री व्हती ती. दादा परवाच गेला, वैनी. शिळंखाली. मी खात्री करायच्या आधीच फोन केला. माजं चुकलं.”

बाळाबाई घोड्याकडे वळली. घट्ट असलेला पट्टा तिनं पुन्हा घट्ट केला. हात तिथंच राहिले.

“मीच म्हटलं हुतं, आधी मला सांग,” ती घोड्याकडे तोंड करून म्हणाली. मग घोंगडीची घडी मोडत, “दुपारभर त्यांच्याशी बोलत व्हते मी, जोती. भांडले बी. म्हटलं, या खाली, मेंढीपायी जीव घालवत हुता व्हय, बघते तुमच्याकडं. तुजा फोन आला नसता तर तेवढं बी झालं नसतं.”

आणि मग तिला रडू फुटलं. जोतिरामनं तिला धरलं, तशी ती त्याच्या खांद्यावर कोसळली. कळप भोवती उभा राहिला. चुलीवर दूध उतू जाऊ लागलं, तेव्हा तीच आधी सावध झाली.

“सांडू नगा ते,” डोळे पुसत ती म्हणाली. “ह्या दोघास्नी द्या. सकाळपास्नं उपाशी चढल्यात.”

धम्मप्रियानं पेला घेतला. रेवणसिद्धानं वाटी दोन्ही हातांत धरली. तो खाली मान घालून प्यायला. दूध फार गोड होतं. भिमाला तसंच लागायचं.